परवाना

चंदगड तालुक्यातल्या माणसाला सीमा म्हणजे काय हे नकाशावरून शिकावे लागत नाही. शिनोळीच्या रस्त्याने पुढे गेले की कर्नाटक लागते आणि बेळगावचा बाजार जवळ येतो. दुसऱ्या बाजूला तिलारीचा घाट उतरून दोडामार्ग ओलांडले की गोवा. कोल्हापूर आमचा जिल्हा खरा, पण तोच सगळ्यांत लांब. त्यामुळे लग्नाचा बस्ता बेळगावला, पोटापाण्याची नोकरी गोव्यात आणि दाखले मात्र कोल्हापूरला, अशी आमची त्रिस्थळी यात्रा जन्मभर चाललेली असते. तिन्हीकडे आपली माणसे भेटतात, आपली भाषा कानावर येते. म्हणून सीमा आहे हे एरवी जाणवतही नाही. ती जाणवते ती काही बिघडल्यावर.

माझे बाबा टेम्पो चालवतात. आई काजूच्या कारखान्यात काजू फोडते. टरफलातल्या तेलाने तिची बोटे काळी पडली आहेत. कितीही साबण लावला तरी तो रंग जात नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्या आधी माझा दादा चढायचा होता. पण बारावीनंतर त्याने पुस्तके माझ्या पुढ्यात ठेवली आणि स्वतः गोव्यातल्या एका कारखान्यात कामाला गेला. म्हणजे ज्या बाकावर बसून मी हे लिहिते आहे, तो एका अर्थी त्याचाच बाक आहे.

गोव्यात गेल्यावर दुसऱ्या वर्षी दादा आजारी पडला. ताप नाही, खोकला नाही. जेवण सुटले, झोप उडाली, बोलणे बंद झाले. खोलीवरच्या पोरांनी त्याला तिथल्या एका रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी हा नैराश्याचा आजार असल्याचे सांगून गोळ्या सुरू केल्या. त्याच रुग्णालयात समाजसेवा विभागात काम करणाऱ्या एक ताई होत्या. एम.एस.डब्ल्यू. झालेल्या. त्यांनी बाबांना समोर बसवून आजार म्हणजे काय, गोळ्या किती दिवस घ्यायच्या, घरच्यांनी काय बोलावे आणि काय बोलू नये, हे सारे नीट समजावून सांगितले. बाबा परत येऊन आईला म्हणाले, "त्या बाईनं मला कधी अडाणी समजलं नाही." दादाला आम्ही घरी आणले. ताई दर आठवड्याला फोन करून त्याच्याशी बोलत. त्या गोव्यात, दादा महाराष्ट्रात. त्या फोनसाठी त्यांना कुणी पगार देत नव्हते.

पण गोळ्यांनी दादाला झोप फार येई. भावकीतले लोक म्हणू लागले, पोरगा गोळ्यांनीच असा झालाय. गेल्या वर्षी पावसाळ्यात कुणीतरी बेळगावकडच्या एका समुपदेशन केंद्राचे नाव सुचवले. तिथे गोळ्यांवाचून मन बरे करतात म्हणे! बाबांनी दादाला तिथे नेले. भिंतीवर ओळीने प्रमाणपत्रे लावलेली. बाबांना इंग्रजी वाचता येत नाही. पण काचेच्या चौकटीतला कागद खोटा कसा असेल, असे त्यांना वाटले. साडेसात हजार रुपये माझ्याच फोनवरून पाठवले. तिथल्या गृहस्थांनी दादाला पाच-सहा वेळा समोर बसवले, पुढे फोनवरूनही बोलले आणि सांगितले, "गोळ्या आजपासून बंद. तुझं मन हेच तुझं औषध."

तीन आठवड्यांनी एका संध्याकाळी बाबांचा फोन वाजला. गोव्याच्या ताई होत्या. नेहमीप्रमाणे दादाशी बोलताना त्यांना त्याच्या शब्दांत काहीतरी वेगळे जाणवले होते. त्या इतकेच म्हणाल्या, "आज रात्री त्याला एकटं ठेवू नका. आणि उद्याची वाट बघू नका, आत्ताच दवाखान्यात न्या." बाबांनी टेम्पोतले पोत्यांचे ओझे तसेच अंगणात उतरवले आणि दादाला घेऊन निघाले. आई मागे बसली होती, त्याचा हात घट्ट धरून. त्या रात्रीविषयी याहून अधिक मी लिहिणार नाही. आज दादा आमच्यात आहे, गोळ्या वेळेवर घेतो आणि गावातच काम करतो.

दादा बरा झाल्यावर बाबा बेळगावला जाब विचारायला गेले. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मी काही औषध दिलं नव्हतं. सल्ला दिला. सल्ल्याची कसली तक्रार?" बाबांनी आमच्या बाजूच्या पोलिसांत विचारले, तर त्यांनी सांगितले की ती जागा दुसऱ्या राज्यात आहे. दुसऱ्या राज्यात विचारले, तर तिथे प्रश्न आला, "गुन्हा कोणता?" बाबा घरी आले, टेम्पोच्या चाकाला टेकून बसले आणि म्हणाले, "मी गाडी ठोकली तर माझा परवाना काढून घेतात. ह्यांच्याकडनं काय काढून घ्यायचं?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. यंदा समाजशास्त्राच्या मॅडमनी 'समाजकार्य : एक व्यवसाय' या विषयावर प्रकल्प करायला सांगितला, तेव्हा मी बाबांचाच प्रश्न उचलला. आपल्याकडे समाजकार्याचे शिक्षण नवे नाही. मुंबईत १९३६ साली टाटा ट्रस्टच्या मदतीने पहिली समाजकार्य संस्था सुरू झाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. इतकी वर्षे पदव्या दिल्या जात आहेत. परंतु डॉक्टरला जशी वैद्यक परिषदेची नोंदणी लागते, वकिलाला जशी बार कौन्सिलची सनद लागते, तशी सर्वसाधारण समाजकार्यकर्त्याला किंवा समुपदेशकाला लागत नाही. पाटी लावली की झाले.

मॅडमनी मला अमेरिकेतल्या व्यवस्थेविषयी वाचायला दिले. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते कागद आठ दिवस वाचत होते. तिथे समाजकार्यकर्त्याला परवाना लागतो आणि तो देते राज्य. पदवीनंतरचा, पदव्युत्तर शिक्षणानंतरचा आणि मानसिक उपचार करू शकणाऱ्या 'क्लिनिकल' कार्यकर्त्याचा, असे त्याचे साधारण टप्पे आहेत. वरच्या टप्प्यासाठी परीक्षा तर द्यावी लागतेच, शिवाय जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली बराच काळ काम करावे लागते. प्रत्येक राज्याचे परवाना मंडळ असते. कुणाही सामान्य माणसाला त्या मंडळाच्या यादीत कार्यकर्त्याचे नाव शोधता येते. त्याचा परवाना चालू आहे का, त्याच्यावर पूर्वी कारवाई झाली आहे का, हेही कळते. हे वाचताना मला भिंतीवरच्या त्या चौकटी आठवल्या. बाबांना पाहायला अशी एखादी यादी असती तर!

पण पुढचे वाचून मी थबकले. तिथे नियम असा की, सेवा कुठे दिली गेली हे सेवा घेणारा माणूस कुठे बसला आहे त्यावरून ठरते. कार्यकर्ती न्यूयॉर्कमध्ये बसून फोनवर बोलत असेल आणि पलीकडचा माणूस न्यू जर्सीत असेल, तर तिला न्यू जर्सीची परवानगी हवी. ती नसताना बोलली तर विनापरवाना काम केल्याचा ठपका येऊ शकतो आणि काही अनर्थ घडलाच तर विमा कंपनीही हात झटकू शकते. शिकायला दुसऱ्या राज्यात गेलेला विद्यार्थी, सैन्यातल्या नवऱ्याच्या बदलीबरोबर गाव सोडणारी बायको, अशांची जुनी कार्यकर्ती सीमेवरच सुटते. २०२० च्या महामारीत अनेक राज्यांनी हे नियम तात्पुरते सैल केले होते. साथ ओसरल्यावर बऱ्याच ठिकाणी ते पुन्हा आवळले गेले.

मी तो कागद खाली ठेवला. हाच नियम आमच्याकडे असता तर गोव्याच्या ताईंना आमच्या घरी फोन करता आला असता का? नसता. मग त्या संध्याकाळी बाबांचा फोन वाजलाच नसता.

इथे माझा प्रकल्प अडकला. माझ्यासमोर दोन माणसे होती. दोघेही सीमेपलीकडून दादाशी बोलत होते. दोघांकडेही आमच्या राज्याचा कसला कागद नव्हता. एकाने दादाला लोटले, दुसरीने सावरले. कायद्याच्या डोळ्याला दोघे जवळजवळ सारखेच दिसत होते. ताईंना निदान रुग्णालयातले वरिष्ठ विचारू शकत होते. पण ते आठवड्याचे फोन त्यांच्या नोकरीच्या कागदात कुठेच नव्हते. परवाना मागावा तर ताई अडतात. न मागावा तर ते गृहस्थ सुटतात. काय करावे?

त्यातच मी अमेरिकेतला एक जुना खटला वाचला. १९६९ सालची गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठात भारतातून शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्याने आपल्या मानसोपचारकाला सांगितले की, एका मुलीचा जीव घ्यायचे माझ्या मनात आहे. उपचारकाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले. पोलिसांनी चौकशी करून त्याला सोडून दिले. त्या मुलीला किंवा तिच्या आईवडिलांना मात्र कुणी सावध केले नाही. दोन महिन्यांनी त्याने तिला खरोखरच मारले. आईवडील न्यायालयात गेले. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने टॅरासॉफ खटल्यात निर्णय दिला की, रुग्णाकडून दुसऱ्याच्या जिवाला गंभीर धोका असेल तर त्या व्यक्तीचे रक्षण व्हावे यासाठी वाजवी काळजी घेणे हे उपचारकाचे कर्तव्य आहे. गुपित राखण्याचे बंधन तिथे थांबते. पुढे अनेक राज्यांनी असे कर्तव्य मानले. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९९९ मध्ये ते मानायला नकार दिला. तिथे कायद्याने पोलिसांना वा डॉक्टरांना सांगण्याची मुभा आहे, सक्ती नाही. म्हणजे एकाच कार्यकर्तीने एकच गोष्ट फोनवर ऐकली आणि ती गप्प राहिली, तर एका राज्यात ती दोषी ठरू शकते आणि दुसऱ्यात नाही. ऐकणारे कान तेच, पण सीमा ओलांडली की त्यांच्यावरची जबाबदारी बदलते.

ताईंनी दादाचे गुपित बाबांना सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात काय चालले असेल? दादा कित्येक दिवस त्यांच्यावर रागावला होता. "मी विश्वासानं सांगितलं होतं," असे तो म्हणे. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण दुसऱ्या कुणाला इजा होऊ नये म्हणून किंवा जिवाला धोका असेल तेव्हा आवश्यक तेवढी माहिती सांगण्याची वाटही ठेवली आहे. हा कायदा गोव्यात आणि चंदगडात एकच आहे. या बाबतीत आपण अमेरिकेपेक्षा सुखी म्हणायचे. आपल्याकडे कर्तव्याला सीमा आडवी येत नाही. अडचण आहे ती कर्तव्य कुणाचे, हे लिहून ठेवण्याची.

त्याच कायद्यात मनोविकार समाजकार्यकर्त्यांची नोंदणी राज्याच्या प्राधिकरणाने करावी आणि त्यावरून केंद्राने राष्ट्रीय नोंदवही ठेवावी, असे म्हटले आहे. पण त्यासाठी एम.एस.डब्ल्यू.नंतर दोन वर्षांचे एम.फिल. लागते. २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या यादीत वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्यकर्ते आहेत आणि राज्य परिषदांची व नोंदवह्यांची तरतूदही आहे. मानसिक आरोग्याच्या व्यावसायिकाने आपल्या क्षेत्राबाहेरचे औषधोपचार सुचवू नयेत, असेही २०१७ चा कायदा सांगतो. परंतु ज्याचे नाव कुठल्याच वहीत नाही, त्याला ते कोण सांगणार?

एका रात्री जेवण झाल्यावर मी बाबांना हे सारे सांगितले. अमेरिकेतल्या राज्यांनी आता यावर तोड काढली आहे, हेही सांगितले. समाजकार्य परवान्याचा आंतरराज्य करार त्यांनी तयार केला. २०२३ मध्ये मिसूरीने तो सर्वांत आधी स्वीकारला. २०२४ मध्ये सात राज्यांची संख्या भरली आणि तो अमलात आला. पुढे वीसहून अधिक राज्ये त्यात आली. बहुराज्य परवाने प्रत्यक्ष देण्याची यंत्रणा उभारायला मात्र त्यानंतरही वेळ लागला. करार असा की, कार्यकर्त्याने आपल्या राज्याचा परवाना घ्यायचा, अटी पुऱ्या केल्या की त्यावरच करारातल्या इतर राज्यांत काम करायचे. पण जिथे काम करील तिथला कायदा त्याने पाळायचा. तिथे चुकला तर ते राज्य त्याला आपल्या हद्दीत काम करायला बंदी करू शकते आणि त्याच्या मूळ राज्यालाही ते कळते. मूळ परवाना काढून घेण्याचा अधिकार मात्र मूळ राज्याचाच.

बाबा हसले. म्हणाले, "अगं, ह्यात नवीन ते काय? माझा परवाना कोल्हापूरचा. त्यावर मी गोव्यात गाडी चालवतो, बेळगावला चालवतो. तिथं सिग्नल तोडला तर तिथला पोलीस पावती फाडतो. मी कोल्हापूरचा म्हणून सोडत नाही, आणि कोल्हापूरचा म्हणून चालवायची बंदीबी करत नाही."

मी बघतच राहिले. जे समजायला मला आठ दिवस आणि एक शब्दकोश लागला, ते बाबा गेली बावीस वर्षे खिशात घेऊन फिरत होते!

आईला मात्र हे पटले नाही. ती म्हणाली, "त्या ताईकडं कुठं परवाना होता? माणूस चांगला असला की कागद कशाला?" मी म्हटले, "आई, चांगल्या माणसासाठी कागद नसतोच. तो आपल्यासाठी असतो. चांगला कोण, हे आधी कळत नाही म्हणून." आई थोडा वेळ गप्प बसली आणि मग आपली काळी बोटे बघत म्हणाली, "पण लई कागद मागितलेत तर ताईसारखी यायची बंद होतील, तेवढं बघ." तिचे हे म्हणणे मी प्रकल्पात शेवटी जसेच्या तसे लिहिले. मॅडमनी त्याखाली लाल शाईने रेघ मारली आणि 'विचार करण्यासारखे' असा शेरा दिला.

मॅडमनी आणखी एक काम केले. त्यांनी ओळखीच्या वकिलांना आमची हकीकत विचारली. तेव्हा कळले की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे पैसे देऊन घेतलेल्या सेवेत कसूर झाली तर तक्रार करणारा माणूस जिथे राहतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे बेळगावला खेटे घालायची गरज नाही, कोल्हापूर चालते. पाच लाखांपर्यंतच्या सेवेला फी नाही. मुदत दोन वर्षांची. पावती मिळाली नसली तरी पैसे माझ्या फोनवरून गेल्याची नोंद आहे. पण वकिलांनी एक गोष्ट स्पष्ट केली. आयोग फार तर पैसे आणि भरपाई देववील. ते गृहस्थ उद्या दुसऱ्या गावात पुन्हा पाटी लावू शकतात. कारण काढून घ्यायला त्यांच्याकडे परवानाच नाही. भरपाई आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्या दिवशी शिकले. भरपाई झालेल्या नुकसानीकडे पाहते. परवाना पुढच्या दादाकडे पाहतो.

तक्रारीचा अर्ज मी मराठीत लिहून ठेवला आहे. तो घेऊन मी दादाकडे गेले. कारण हकीकत त्याची आहे. ती आयोगापुढे उघडायची की नाही, हे ठरवण्याचा हक्क ना माझा, ना बाबांचा. एकदा त्याला न विचारता त्याचे गुपित बाहेर पडले होते, तेव्हा त्याचा जीव वाचायचा होता. या वेळी तशी घाई नाही. दादाने अर्ज दोनदा वाचला. एका ठिकाणी माझे शुद्धलेखन सुधारले. मग म्हणाला, "सही करतो. पण ताईंचं नाव ह्यात कुठं येता कामा नये. तिनं केलेल्या फोनचा कुणी तिलाच जाब विचारेल." मी कबूल केले.

पुढे मला एम.एस.डब्ल्यू. करायचे आहे. आमच्या गावापासून तिन्ही राज्यांत जाता येईल असे काम मला हवे आहे. त्या वेळी माझे नाव कुठल्या तरी वहीत लिहिलेले असावे आणि मी चुकले तर कुणाही आईबापाला ती वही उघडून माझ्यापर्यंत पोचता यावे, अशी माझी इच्छा आहे. आणि त्या वहीने एखाद्या संध्याकाळी मला सीमेपलीकडे फोन करण्यापासून अडवू नये, एवढीच दुसरी.

हा लेख अंकासाठी देण्यापूर्वीही मी दादाला विचारले. तो म्हणाला, "दे. माझं नाव घालू नकोस, बाकी सगळं घाल." तेव्हा या लेखापुरता माझ्याजवळ परवाना आहे.